शिंपिणीच्या वीस टोप्या

बालमित्रांनो, नाल्याकाठच्या रानात एका उंदराचे बीळ होते आणि त्या बिळाला तीन दारे होती. एक येण्याचे, एक जाण्याचे आणि तिसरे कोण आले-गेले ते पाहण्याचे. आता सांगा, असा प्राणी कुणावर विश्वास ठेवेल? रानात सगळ्यांचे मिळून गव्हाचे एक शेत होते. त्यातल्या काही ओंब्या लांब, पण दाणे किडकिडीत. काहींचे दाणे टपोरे, पण ओंब्या बोटभर. धान्य कसेबसे आषाढापर्यंत पुरायचे. मग भर पावसात उंदराची सहा पिल्ले भुकेने चीं चीं करायची.

एका वर्षी, ओंब्या नुकत्याच बाहेर पडल्या तेव्हा, पाने शिवून घरटे करणारी शिंपीण म्हणाली, "मला वीस रोपं द्या. लांब ओंबीचं टपोऱ्या ओंबीशी लग्न लावते. पुढच्या पिढीत दोघींचेही गुण उतरतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. उंदराने तेवढे कान टवकारले. शिंपिणीने वीस लांब ओंब्यांतले कोवळे केसर चोचीने उपटून टाकले आणि प्रत्येकीवर पानाची टोपी शिवली. "चार दिवस कुणी हात लावू नका," असे तिने बजावले. झाले! उंदराची झोपच उडाली. "उपटते काय, झाकते काय! इथे नक्की पाणी मुरतंय. माझ्या पिल्लांच्या तोंडचा घास पळवतेय ही."

तिसऱ्या दिवशी दुपारी शिंपीण पाण्यावर गेली आणि उंदीर सरसर रोपावर चढला. पहिली टोपी कुरतडली, तर आत नुसती हिरवी ओंबी. "म्हणजे माल दुसरीत दडवलाय!" दुसरीतही काही नाही, तेव्हा तिसरी. अशा एकोणीस टोप्यांच्या त्याने चिंध्या केल्या. विसावीला दात लावणार, तोच मागून आवाज आला, "काय शोधतोयस?"

"तू लपवलेलं धान्य!"

"अरे, दाणे अजून धरायचेत! ओंबीवर तिचाच पराग पडू नये म्हणून केसर उपटले, आणि वारा कुठल्याही ओंबीचा पराग आणून टाकतो, तो टोपीनं अडवला होता. उद्या मी टपोऱ्या ओंबीचा पराग आणणार होते." उंदराला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

उघड्या पडलेल्या ओंब्यांवर वाऱ्याने हवा तो पराग टाकला आणि त्यांना पूर्वीसारखेच किडकिडीत दाणे आले. उरलेल्या एका ओंबीला शिंपिणीने टपोऱ्या ओंबीचा पराग लावला आणि तिच्या दाण्यांतून पुढच्या वर्षी चाळीस रोपे उगवली. काय त्या ओंब्या! लांबसडक आणि टपोऱ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या. पण चाळीस रोपांत रानाचे पोट कसे भरणार? ते सारे बियाण्यासाठीच ठेवावे लागले. आषाढात धान्य संपले, तेव्हा उंदराने दोन धाकटी पिल्ले नाल्यापलीकडे त्यांच्या मावशीकडे नेली. वाटेत एकाने विचारले, "बाबा, त्या टोप्यांखाली होतं तरी काय?"

उंदीर खाली मान घालून म्हणाला, "तुमचं यंदाचं जेवण."

तात्पर्य : संशय येणे वाईट नाही, पण विचारण्याआधी जो फाडून पाहतो, तो आपल्याच ताटातले सांडतो.