बिनकडेचा पखालवाला

कोल्हापुरातल्या एका कंपनीचा 'मायागड' नावाचा पत्त्यांचा खेळ होता. राक्षस, जादूगार, सम्राट जमवायचे आणि लढवायचे. बंद पाकिटातून कोणतं पान निघेल ते आधी कळत नसे. सोनेरी कडेचं दुर्मीळ पान निघालं की खेळणारे नाचत.

खेळाचा नवा संच निघायचा होता. चित्रकार मृदुला खांबेटे हिने त्यासाठी जीव ओतून चाळीस साधी माणसं काढली होती. त्यांत पाणी वाहणारा पखालवाला होता, नावाडी होता, तेलीण होती. मालक दफ्तरदारांनी ती पाहून नाक मुरडलं.

"या सटरफटर लोकांना कोण विचारतो? काढून टाका. माझ्या संचात सगळी पानं दुर्मीळच हवीत. सगळ्यांना सोनेरी कडा!"

मृदुलाला वाईट वाटलं, पण ती एवढंच म्हणाली, "बरं, साहेब."

चाचणीच्या दिवशी वीस खेळाडू जमले. पाकिटं फुटली. जिकडेतिकडे सोनंच! दहा मिनिटांत लोक जांभया देऊ लागले. तेवढ्यात एकजण ओरडला, "अरे, हे बघा!" त्याच्या हातात बिनकडेचा पखालवाला होता. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. एकाने तर बदल्यात तीन सम्राट देऊ केले.

दफ्तरदार लालबुंद झाले. "खांबेटेबाई, सगळी पानं दुर्मीळ करा म्हटलं होतं ना? मग हे साधं पान कसं आलं?"

"हुकूमच पाळला, साहेब," मृदुला म्हणाली. "अख्ख्या संचात साधं पान हे एकच आहे. याहून दुर्मीळ दुसरं कुठलं, तुम्हीच सांगा."

खेळाडू खो खो हसले. दफ्तरदारांनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग घसा खाकरून हळूच विचारलं, "बाकीचे एकोणचाळीस जपून ठेवलेत ना?"