आजोबांसारखी, पण न पाहिलेली नक्षी

उदयभान राजांना दरबारासाठी नक्षीकार नेमायचा होता. अट एकच होती: "शेल्याची नक्षी हुबेहूब आमच्या आजोबांच्या शेल्यासारखी हवी, आणि दरबारात कुणी ती कधी पाहिलेली नसावी." चाळीस उमेदवार आले. अट ऐकून त्यातले बरेचसे पहिल्याच दिवशी डोकं धरून घरी गेले.

हौसा मात्र टिकून राहिली. ती मल्हारी कोष्ट्याची लेक. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि घरातला माग बंद पडला होता. ही नेमणूक मिळाली तरच तो पुन्हा चालणार होता.

पहिल्या खेपेला तिने कोयरी काढली. "ही आजोबांच्या शेल्यावर आहेच," राजे म्हणाले, "नवं काय त्यात?" मग तिने कमळ काढलं. "छान आहे, पण आजोबांचं वाटत नाही." तिसऱ्या खेपेला प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले, "थोडं साधं हवं." चौथ्या खेपेला तेच पंत म्हणाले, "थोडं भरगच्च हवं." पाचव्या खेपेला मुलाखत झालीच नाही. राजे शिकारीला गेले होते आणि तसं कळवायचं राहून गेलं होतं. तीन कोस चालत आलेली पोर तशीच परत गेली. दरबाराचं हे असंच असतं बघा.

सहाव्या खेपेला पंतांनी बजावलं, "उद्या शेवटची संधी. नाही जमलं तर माझ्या मेहुण्याला नेमू. त्याला नक्षी येत नाही, पण तो रोज हजर असतो."

दुसऱ्या दिवशी हौसा रिकाम्या हातांनी आली.

"नक्षी कुठे आहे?" राजांनी विचारलं.

"तुमच्याच जामदारखान्यात हाय, महाराज. आजोबांचा शेला तेवढा मागवा."

चांदीच्या तबकातून शेला आला. सगळे अदबीने उभे राहिले. हौसाने शेल्याला नमस्कार केला आणि तो राजांपुढे पालथा पसरला.

"अगं, उलटा घातलास!" पंत ओरडले.

"उलटाच घातलाय, पंत." ती राजांकडे वळली. "महाराज, ह्यो आजोबांचाच न्हवं?"

"त्यांचाच."

"मग ही नक्षी दरबारात कुणी पाहिलीया का?"

दर दसऱ्याला दरबारी या शेल्यापुढे वाकत आले होते, पण तो पालथा करून कुणीच पाहिला नव्हता.

"पण या तर नुसत्या गाठी आणि लोंबते धागे," राजे कुरकुरले. "हे पांघरून आम्ही दरबारात बसायचं कसं?"

"त्ये मला काय ठाऊक, महाराज? आजोबांवाणी मागितली, हुबेहूब हाय. न पाहिलेली मागितली, तशीबी हाय. दिसायला बरी पायजे, असं इतक्या खेपांत कुणी बोललंच न्हाई."

राजे असे हसत सुटले की डोक्यावरचा मंदील कलला.

"पंत, नेमणुकीचा कागद काढा, आणि रेशमाची गाडी भरून मल्हारीच्या दारात पाठवा," डोळे पुसत ते म्हणाले. "आजपासून नक्षी ही पोर ठरवील. आम्ही मुकाट पांघरू."