नवसाचा नारळ

फार मागं खाडीकाठच्या एका गावात द्वारकाबाई देवीला नवस बोलल्या होत्या, "सून बाळंतपणातून सुखरूप सुटू दे, नारळ वाढवीन." तोवर नारळ कलशावर बसवला.

नारळ हरखला. "मला वाढवणार! झाड होणार मी!"

कोपऱ्यातली विळी फिदीफिदी हसली. "अरे खुळ्या, ताट वाढलं तर जेवायचं, बांगडी वाढवली म्हणजे मोडली, आणि नारळ वाढवला म्हणजे फोडला! मागचं-पुढचं बघून अर्थ लावावा."

नारळानं विळीच्या पात्याकडे पाहिलं. पण नवस सुनेच्या जिवासाठी होता. "तिचं भलं होवो, मी फुटेन," तो म्हणाला.

सून सुखरूप सुटली आणि बाराव्या दिवशी नात पाळण्यात पडली. द्वारकाबाईंनी नारळ उचलला, तर त्याच्या डोळ्यातून हिरवा कोंब डोकावत होता.

"आता कसं हो, सासूबाई? फोडायचा?" सुनेनं विचारलं.

"छे गं! मी 'वाढवीन' म्हटलं होतं. कोंब फुटलेल्याला वाढवायचं म्हणजे लावायचंच की!"

त्यांनी परसात खड्डा केला. "देवीआई, तुझे उपकार गं," म्हणत नारळ मातीत शिरला.

बायांनो, तुम्हीही बोललेला शब्द फेडताना आधी समोरच्या जिवाकडे बघा, मग शब्दाचा अर्थ लावा.