आई बाराला येते

रडणाऱ्या लेकराला तुम्ही काय सांगता?

"उगी, उगी" म्हणता. खाऊ देते म्हणता. झाडावरची चिमणी दाखवता... आणि काहीच चालेना झालं, की म्हणता, "आई येईल हं आत्ता." खरं ना?

तांबेवाडीच्या बालवाडीत शिकवणारी प्रणिता हेच सांगायची. पण तिची सांगण्याची एक रीत होती, आणि त्या रीतीचा तिला फार अभिमान होता.

तिने पुठ्ठ्याचं एक मोठं घड्याळ केलं होतं. त्याचे काटे हाताने फिरायचे. जूनमध्ये एखादं नवं पोर दारात लोळण घ्यायला लागलं, की ती त्याला उचलून घड्याळापाशी न्यायची. दोन्ही काटे वर नेऊन एकावर एक ठेवायची.

"हे बघ. हे दोघं असे भेटले, की आई दारात. आई बाराला येते."

आणि आई बाराला यायचीच. चार दिवसांत पोर शहाणं व्हायचं. प्रशिक्षणात प्रणिताच्या पाठाला पहिला नंबर मिळाला होता. तपासणीला येणाऱ्या मॅडम दुसऱ्या गावच्या बायांना सांगायच्या, "प्रणिताचा वर्ग बघून या. एक पोर रडताना दिसायचं नाही."

अशी ही प्रणिता एका दुपारी सगुणाबाईंच्या ओसरीवर येऊन बसली, तेव्हा तिचा चेहरा पार उतरलेला होता.

सगुणाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. छत्तीस वर्षं त्यांनी हीच बालवाडी चालवली. प्रणितासुद्धा लहानपणी त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्या पाय पसरून चिंच फोडत बसल्या होत्या.

"एवढ्या उन्हाची? पहिला नंबर कुणी नेला की काय?"

प्रणिता हसली नाही.

"बाई, जुईला काय सांगू?"

जुई चार वर्षांची. तिची आई बाळंतपणाला तालुक्याच्या दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. बाळही राहिलं नाही. जुईला मात्र घरात कुणीच काही सांगितलं नव्हतं. बाप तोंड मिटून बसलेला. आजी म्हणायची, "आई बाळ आणायला गेलीय." तेरावं झालं, आणि आजीने पोरीला पुन्हा बालवाडीत आणून सोडलं.

एवढं सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पुढचं सगुणाबाईंना ठाऊक नव्हतं.

"सोमवारी आली ती दारातच रडायला लागली," प्रणिता म्हणाली. "माझ्या कडेवर एक पोर, पदराला दोन. कुणाचं नाक, कुणाची चड्डी... सवयीनं बोलून गेले, बाई."

"काय बोललीस?"

"आई बाराला येते."

चिंच फोडणारा हात थांबला.

"मग?"

"गप्प झाली. लगेच. डोळे पुसले नि हसली माझ्याकडं बघून. मला वाटलं, बरं झालं... माझ्या ध्यानातच आलं नाही. शपथ सांगते, बाई. बारा वाजेपर्यंत ध्यानात आलं नाही."

सगुणाबाईंनी हातातली चिंच खाली ठेवली.

"बाराला तिनं चपला घातल्या. पायरीवर जाऊन बसली. आजी न्यायला आली तर म्हणते, तू जा, मला आई न्यायला येणारे. दोन वाजले तरी हलेना. शेवटी आजीनं उचलली, तर आजीला चावली."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी रडली नाही. बुधवारी पण नाही. येते, घड्याळासमोर बसते. गाणं नाही, गोष्ट नाही. खिचडी पुढं ठेवली तर म्हणते, आई भरवील..." प्रणिताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आज मी पोरांचे हात धुवून आत आले. दहाच वाजले होते. तर तिनं स्टूल ओढून घेतलेलं. वर चढली, दोन्ही काटे वर नेऊन एकावर एक ठेवले. आणि दारात जाऊन उभी राहिली."

तिने सगुणाबाईंकडे पाहिलं.

"तुम्ही नवीन पोरांना काय सांगायचात, बाई?"

"तेच."

"तेच?"

"छत्तीस वर्षं. आई येतीय, आत्ता येतीय." सगुणाबाईंनी फोडलेली चिंच बाजूला सारली. "माझं नशीब थोर... सगळ्यांच्या आया आल्या."

प्रणिताने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "काहीतरी सांगायला तर हवं. ती गप्प बसेल असं काहीतरी. तुम्हाला सुचेल म्हणून आले."

"गप्प तर बसलीय की ती. तीन दिवस झाले."

"तसं नाही हो, बाई..."

"मग कसं?"

प्रणिता पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळत राहिली.

सगुणाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. ओसरीच्या पायरीवर आल्या, पाय पोटाशी घेऊन बसल्या. वाडीच्या रस्त्याकडे तोंड करून.

"पाठ घे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"प्रशिक्षणात घेता ना? एकीनं बाई व्हायचं, बाकीच्यांनी पोरं. मी जुई. घे पाठ."

"बाई, चेष्टा करू नका."

"मी बाई नाही. मी जुई." त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "माझी आई कधी येणार?"

प्रणिता कशीबशी उठली. पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. आवाज गोड केला, रोज वर्गात करायची तसा.

"जुई, तुझी आई ना... देवाघरी गेलीय."

"कुठंय त्याचं घर? एसटी जाते?"

"नाही गं. खूप लांब आहे ते."

"मग आई चालत येईल?"

प्रणिताने वर आभाळाकडे बोट दाखवलं.

"तुझी आई ना, चांदणी झालीय. रात्री अंगणात आलीस की दिसेल."

"खाली कधी उतरणार?"

"ती खाली नाही उतरत. ती तुला वरून बघते."

"बघते तर येत का नाही? मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस, बाळा..." प्रणिता घाईघाईने म्हणाली. "झोपलीय ती. तिला बरं नव्हतं ना, म्हणून शांत झोपलीय."

"मग उठव. बारा वाजले."

"बाई, पुरे."

"बारा वाजले. माझी आई कधी येणार?"

"पुरे म्हणते ना! आजीनं बजावलंय मला, पोरीला कळू द्यायचं नाही म्हणून. मी कोण सांगणारी?"

सगुणाबाई रस्त्याकडेच बघत होत्या.

"बाराला येते असं तू सांगितलंस."

समोरून एक सायकल गेली. एक शेळी कुंपणातून आत डोकावली, तिला कुणी हाकललं नाही.

"मी चुकीचं सांगितलं," प्रणिता म्हणाली. हा आवाज गोड नव्हता. वर्गातला नव्हता. "जुई, मी तुला चुकीचं सांगितलं. तुझी आई मेली. दवाखान्यात मेली. ती बाराला येणार नाही... ती कधीच येणार नाही."

सांगायला तिच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं.

सगुणाबाईंनी हळूहळू मान वळवली. वाकल्या, आणि आपलं पिकलेलं डोकं प्रणिताच्या मांडीवर ठेवलं. पाय तसेच पोटाशी. एवढी मोठी बाई, पण मांडीवर वजन असं वाटेना.

प्रणिताचा हात वर उचलला गेला आणि तसाच राहिला. त्या डोक्यावर ठेवावा की नाही, तिला कळेना. याच हाताने तिने पाटीवरची पहिली रेघ गिरवली होती, आणि तेव्हा तो हात सगुणाबाईंच्या हातात होता.

"बाई..."

सगुणाबाईंचे नुसते खांदे हलत होते.

त्या खरंच रडत होत्या की जुई होऊन रडत होत्या, ते प्रणिताला शेवटपर्यंत कळलं नाही. सगुणाबाईंना त्या छत्तीस वर्षांत आलेल्या सगळ्या आया आठवल्या का, आपली स्वतःची आई आठवली का, तेही सांगता यायचं नाही. प्रणिताच्या तोंडातून सवयीने "उगी" निघणार होतं. तिने ते गिळलं. खाऊ, चिमणी, गाणं... ओठांपर्यंत एकेक येत गेलं आणि मागे गेलं.

हात मात्र त्या केसांवर टेकला.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं. प्रणिताच्या पायाला मुंग्या आल्या. तिने पाय हलवला नाही. पण शेवटी तिला राहवेना.

"बाई, सांगून तर झालं. आता मी काय करू?"

मांडीवरून आवाज आला, "मी रडतेय ना? मग तू बस."

प्रणिता घरी जाताना वाट वाकडी करून जुईच्या आजीकडे गेली. दोघी चुलीपाशी बराच वेळ बोलत होत्या. आजी आधी चिडली, मग बसून राहिली, आणि मग म्हणाली, "मी पण येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीच्या पायरीवर प्रणिताने आजीला शेजारी बसवून जुईला सांगितलं, की तिची आई मेली आहे आणि ती येणार नाही. जुई सकाळभर रडली. प्रणिता तिच्यापाशी बसून राहिली.