कोष्ट्याच्या सुनेचा उखाणा

कारभारी त्र्यंबकपंतांनी नवा कर काढला. सरदार असो की मजूर, प्रत्येकानं कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा. पोटापुरतं कमावणाऱ्या कोष्ट्यांना आजवर कर नव्हता. आता त्यांच्यावर हातमाग विकायची पाळी येणार होती.

"एक दर, एक न्याय! आहे कुणाची हरकत?" पंतांनी भर दरबारात विचारलं. काल हरकत घेणारा कोष्टी कोठडीत होता, त्यामुळे सगळे जमिनीकडे बघत राहिले. राजांनी शिक्का उचलला.

तेवढ्यात राणीसाहेबांचं लक्ष नमस्काराला आलेल्या, एका कोष्ट्याच्या नव्या सुनेकडे गेलं. नवरा नागोजी तिच्या मागेच उभा होता.

"अगं सगुणे, नाव घे की!"

नाव घेणाऱ्या नवरीला मध्येच कुणी अडवत नसे. सगुणेनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं.

"सरदारांच्या शेल्याचा दहावा कापला, तरी शेला मिरवतो खांद्यावर,
लंगोटीचा दहावा कापला, तर नागोजीराव जातील कसे रस्त्यावर?"

हसायची कुणाची छाती होईना. पंत कडाडले, "दर सगळ्यांना सारखाच आहे ना, पोरी?"

"सारखाच असू द्या, कारभारी. फक्त आधी अंग झाकू द्या, मग उरेल तिथून कात्री चालवा."

राजांनी शिक्का खाली ठेवला. "पंत, हेच लिहा. आणि कोठडीतल्या कोष्ट्याला सोडा."

मग मात्र अख्खा दरबार खो खो हसला. नागोजीराव तेवढे मागच्या दारानं घरी गेले.