शेटच्या भिंतीवरचा वाघ

जंगलाला खेटून वसलेल्या एका गावात गुळाचा एक व्यापारी राहत होता. त्याचा गूळ गोड होता, बोलणं त्याहून गोड होतं. पण गावात त्याला मान होता तो वाघामुळे. रानातल्या वाटेवर शेटसमोर वाघ आला, शेटनं काठी आपटली, डोळे वटारले आणि वाघ शेपूट घालून पळाला, अशी हकिगत होती. साक्षीदार दोनच. एक शेट आणि दुसरा वाघ. वाघाला कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून गावात काहीही कार्य असो, पानाचा पहिला विडा शेटला मिळे. मग हकिगत सांगितली जाई, आणि दर खेपेला वाघ वीतभर वाढे.

पुढे शेटनं नवं घर बांधलं. बैठकीची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र झाली, तसा तो बायकोला म्हणाला, "इथं आपला वाघ काढून घेऊ. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, घर कुणाचं आहे ते."

"घ्या काढून," शेटाणी म्हणाली. "फक्त मला त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसवू नका."

शेजारच्या गावात एक चितारीण होती. दिव्यावर धरलेली काजळी डिंकाच्या पाण्यात खलून ती पांढऱ्या भिंतीवर रानातली जनावरं काढी. तिनं काढलेल्या एका सशावर त्या घरचं कुत्रं रोज सकाळी भुंकायचं. तिची अट एकच होती. घरधन्यानं स्वतः पाहिलेलं जनावरच ती काढी.

ती आली, काजळी खलली आणि म्हणाली, "हं, सांगा शेट. कसा होता वाघ?"

"कसा म्हणजे? केशरी! हळद-कुंकू लागेल तेवढं घ्या."

"पाहिलेलं जनावर काळ्या-पांढऱ्यात मावतं, शेट. रंग लागतो तो न पाहिलेल्याला."

शेटनं नेहमीची हकिगत सुरू केली. झेप, डरकाळी, रक्ताळलेले डोळे. चितारीण ऐकत ऐकत काढत गेली. संध्याकाळी भिंतीवर एक झेपावणारा वाघ तयार होता.

"अगं बाई," शेटाणी म्हणाली, "याची दाढ दुखतेय का?"

शेटही अस्वस्थ झाला. त्यानं हकिगतीत काहीही घातलं असलं, तरी वाघ त्यानं खरोखर पाहिला होता, आणि तो त्याच्या मनातून कधी गेलाच नव्हता.

"हा तो नव्हे," तो म्हणाला. "त्याचे पट्टे पाठीच्या मधोमध येऊन वेणीसारखे गुंफलेले होते. कानांच्या मागं पांढरे ठिपके, टिकली लावल्यासारखे. मानेवर केसांचा भोवरा. पंजा चाटत होता. चाटता चाटता थांबला आणि त्यानं अशी जांभई दिली, अशी दिली, की मलाही आली!"

"शेट," चितारणीनं विचारलं, "अंगावर झेप घेणाऱ्या वाघाची पाठ कशी काय दिसली तुम्हाला?"

शेटला खोकला आला. शेटाणीनं तोंडाला पदर लावला. चितारणीनं भिंतीवर पुन्हा चुना फिरवला, शेटला बाहेर पिटाळलं आणि भिंत वाळल्यावर नव्यानं कामाला बसली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तिनं त्याला आत बोलावलं. भिंतीवर वाघ निवांत बसला होता. पाठीवर काळी वेणी, कानांमागं टिकल्या, मान वळवलेली, आणि घर गिळेल एवढी जांभई.

"हाच! हाच तो!" शेटचे डोळे भरून आले. मग त्याची नजर खालच्या कडेला गेली. "ही फांदी कशाला?"

"तुम्ही बसला होतात ती."

उद्या सगळं गाव येणार होतं. ही फांदी गावानं पाहिली, की विडा गेला, मान गेला, उरला तो गूळ. कोपऱ्यात चुन्याची बादली होती. शेटनं कुंचला उचलला.

"मारा की," चितारीण म्हणाली. "भिंत तुमची, वाघही तुमचा."

चुना ठिबकून शेटचं धोतर भिजत गेलं. वाघ जांभई देतच होता. बघता बघता शेटलाही जांभई आली, अगदी त्या दिवसासारखी. त्यानं कुंचला बादलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. विडा द्यायचा मान गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीचा. ती भिंतीपुढं बराच वेळ उभी राहिली.

"का रे शेट, हा वाघ वरनं दिसतोय. तू काय घारीवर बसून गेला होतास?"

शेटनं भिंतीवरच्या फांदीवर बोट ठेवलं. "मोहाच्या झाडावर होतो, आजी. वाघ जाईपर्यंत. तो गेल्यावरही बराच वेळ."

आधी आजीच खुदकन हसली, आणि सगळी बैठक पोट धरून हसू लागली. हसू ओसरल्यावर कुणीतरी विचारलं, "बरं, पण तो करत काय होता?"

शेटनं सांगितलं. जुनी हकिगत ऐकताना पेंगणारी माणसं सरकून पुढं आली. जांभईपाशी तर सगळ्या बैठकीनं जांभई दिली.

तेवढ्यात गावचा पैलवान कान खाजवत उठला. "ते मी अस्वल चीत केलं म्हणतो ना... त्यानं माझी पाठ पाहिली असेल. मी त्याची नाही."

आजीनं विडा शेटच्याच हातात ठेवला. "घे. वाघाला पळवणारे पुष्कळ ऐकले. झाडावर होतो म्हणणारा तू पहिलाच."

त्यानंतर चितारणीला त्या गावात उसंत मिळाली नाही. घरोघरी भिंती पांढऱ्या झाल्या आणि त्यांवर काळी रानं उगवली. पैलवानाच्या भिंतीवर करवंदाची जाळी आहे आणि तिच्यातून डोकावणारा एक काळा कान. बाकीचं अस्वल बघायला तो थांबलाच नव्हता. पाहुणे आले, की पैलवान तो कान मोठ्या कौतुकानं दाखवतो, आणि पाहुणे आपापली झाडं सांगू लागतात.

तात्पर्य: भिंतीवर खरं चित्र असलं, की घरधन्याला खोटं पाठ करावं लागत नाही, आणि हसायला सगळं गाव घरी येतं.