कंदिलाखालची गर्दी

दूरच्या एका जंगलात मिशाळराव नावाचे रानमांजर राज्य करीत होते. राजे लोकशाहीवादी होते. निवडणूक पार पडेपर्यंत त्यांनी मांसाहारसुद्धा सोडला होता.

त्या वर्षी थंडी कडक पडली. रंगूबाई कोंबडीची पिल्ले अडनिड्या वयात आली होती. अंगावरची मऊ लव गळत होती, पिसे अजून फुटायची होती आणि आईच्या पंखांखाली सगळी मावत नव्हती. राजांनी घोषणा केली, "प्रत्येक पिल्लाला घर, प्रत्येक घरात ऊब!"

वनरक्षकाच्या ओसाड झोपडीत खुराडे उभारायचे ठरले. घोषणा राजांची असल्यामुळे काम रंगूबाईकडे आले. तिने आंब्याचे जुने खोके ओढत आणले, वर जाळी बसवली, तळाशी भाताचे तूस पसरले आणि आढ्यावरून दोरीने कंदील टांगला. मग पिल्लांवर नजर ठेवून ती कंदील कधी वर, कधी खाली घेत राहिली. अखेर पिल्ले खोकेभर पांगली आणि पाय ताणून निजली.

"जमलं," ती म्हणाली. पिल्ले पांगून निजली की ऊब बेताची आहे, हे कोणत्याही कोंबडीला कळते.

मिशाळराव कोंबडी नव्हते. उद्घाटनाला आले आणि त्यांच्या मिशा खाली आल्या.

"पंत, आमच्या कंदिलाखाली कोणीच कसं नाही?"

बांधकाममंत्री मुंगूसपंत म्हणाले, "विरोधकांनी फोडली असावीत, महाराज." आणि त्यांनी दोरी ओढून कंदील थेट आढ्याला भिडवला.

खोके गारठले. पिल्ले दचकून उठली, उजेडाच्या ठिपक्याखाली धावली आणि एकमेकांच्या अंगावर चढू लागली.

"अहाहा! किती उत्स्फूर्त!" राजांनी घसा साफ केला. "माझ्या पिल्लांनो..."

"सरकार, गारठलीत ती!" रंगूबाई ओरडली. "माझी चिंगी तळाला आहे, गुदमरेल ती!"

"तळागाळातला पाठिंबा म्हणतात त्याला, बाई," मुंगूसपंत हळूच म्हणाले. "भाषण होऊ द्या."

"तुमच्या उरावर सगळं मंत्रिमंडळ बसवा पंत, आणि मग मला पाठिंबा शिकवा!"

एवढे बोलून तिने चोचीने दोरीची गाठ सैल केली. कंदील खाली आला. ऊब पसरली तसतशी गर्दी विरळ झाली. शेवटी तुसातून चपटी चिंगी उठली. ती शिंकली, राजांकडे पाठ करून दूरच्या कोपऱ्यात गेली आणि झोपली. "हा अथांग जनसागर" इथपर्यंत आलेले भाषण तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघाले: कंदिलाची उंची हा राज्याच्या सुरक्षेचा विषय असून त्याबाबत पिल्लांनी मत देऊ नये. मुंगूसपंत रोज येऊन कंदील वर ओढत आणि गाठ आवळत. त्यांचे शेपूट दाराबाहेर गेले की रंगूबाई ती सोडी.

अशा रीतीने पिल्ले वाढली. कोणत्याही आदेशाविना त्यांना पिसे फुटली. निवडणूक तोंडावर आली तेव्हा कंदील वर न्या की खाली, त्याच्याकडे कोणी फिरकेना. चिंगी तर खोक्याच्या काठावर बसून राजांनाच न्याहाळू लागली.

"पंत, आता हो?" मिशाळरावांनी घाबऱ्या स्वरात विचारले.

मुंगूसपंतांनी बाहेरच्या गारठ्याचा अंदाज घेतला आणि ते बंद खिडकीकडे गेले.

आजही त्या जंगलात निवडणूक जवळ आली की सर्वांत आधी खिडक्या उघडल्या जातात.